एक्स-रे, सीटी स्कॅनचा मोबाईलवर फोटो काढून डॉक्टरांना पाठवताय? आधी त्यातून काय गळतं ते बघा

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गॅलरीत घरातल्या कुणाच्या तरी एक्स-रेचा फोटो असेलच. खिडकीच्या काचेला फिल्म टेकवली, नाहीतर ट्यूबलाइटखाली धरली, फोटो काढला आणि दिला पाठवून मामाच्या ओळखीच्या डॉक्टरांना. घरात फोन नीट चालवता येणारे तुम्हीच, त्यामुळे हे काम हमखास तुमच्याच गळ्यात पडतं.

मी एका रुग्णालयाच्या रेडिओलॉजी विभागात असिस्टंट म्हणून काम करते. पेशंटला टेबलावर नीट झोपवणं, नाव आणि बाजू दोनदा तपासणं, स्कॅन झाल्यावर सगळ्या इमेजेस सर्व्हरवर गेल्या का ते बघणं, फिल्म काढणं, सीडी बनवून देणं, हे माझं रोजचं काम. रिपोर्ट लिहिणं माझं काम नाही, ते रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांचं. पण काउंटरवरचा एक प्रश्न मात्र कायम माझ्याच वाट्याला येतो: "ताई, सीडी कशाला देताय? आमच्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही. फोटो काढून पाठवला तर चालत नाही का?"

हाताच्या किंवा पायाच्या साध्या एक्स-रेचं एक वेळ चालून जातं. सीटी आणि एमआरआयचं चालत नाही. का, ते बघू.

स्कॅन म्हणजे फोटो नाही, आकडे आहेत

सीटी मशीन शरीराभोवती गोल फिरत एक्स-रे सोडतं आणि पलीकडे किती पोचले ते मोजतं. त्या मोजमापांवरून कॉम्प्युटर शरीराचा एकेक पातळ काप तयार करतो. प्रत्येक काप साधारण ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा असतो. हिशोब केलात तर हे जेमतेम पाव मेगापिक्सेल होतं! तुमचा सेल्फी कॅमेरा याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून "माझ्या फोनला ५० मेगापिक्सेल आहे, फोटो एकदम क्लिअर येतो" या वाक्याचा इथे काही उपयोग नाही.

खरी किंमत ठिपक्यांच्या संख्येत नाही, एकेका ठिपक्यामागच्या आकड्यात आहे. पाण्याचा आकडा ०. हवेचा उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास, मेंदू ३० ते ४०, नुकतंच साकळलेलं रक्त ६० ते ८०, आणि घट्ट हाड १००० च्याही वर जाऊ शकतं. या मापाला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे ब्रिटिश इंजिनिअर ईएमआय कंपनीत होते (हो, तीच गाण्यांच्या रेकॉर्ड्सवाली ईएमआय). त्यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन १९७१ साली लंडनमध्ये झाला आणि १९७९ मध्ये अ‍ॅलन कॉरमॅक यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं.

आता गंमत बघा. सीटीच्या फाइलमध्ये एका ठिपक्याला ४०९६ वेगवेगळे आकडे असू शकतात. तुमच्या फोनमधल्या साध्या जेपीजी फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. मग ४०९६ आकडे त्यात बसवायचे कसे? बसवतच नाहीत. डॉक्टर त्यातला हवा तो पट्टा निवडतात आणि तेवढाच काळ्या-पांढऱ्यात पसरवतात. याला विंडो म्हणतात.

मेंदू बघायचा असेल तर साधारण ० ते ८० एवढाच पट्टा घेतात. ० च्या खालचं सगळं काळंकुट्ट, ८० च्या वरचं सगळं पांढरंफेक. फुप्फुस बघायचं तर पट्टा पार उणे १३५० पासून १५० पर्यंत जातो. स्कॅन तोच, पण विंडो बदलली की वेगळंच चित्र समोर येतं. फोटो एडिट करताना आपण ब्राइटनेस वाढवतो तसंच हे वाटेल, पण फरक मोठा आहे. एडिटिंगमध्ये जळून पांढरा झालेला भाग परत येत नाही. विंडोमध्ये येतो, कारण मूळ आकडा फाइलमध्ये शाबूत असतो.

फिल्मवर मात्र निवडलेली एखादी-दुसरी विंडो छापलेली असते, आणि एका मोठ्या फिल्मवर वीस-तीस छोटी चित्रं. तिथेच ती गोठली. तुम्ही काढता तो फोटो त्या गोठलेल्या चित्राचा.

याने काय बिघडतं?

गेल्या पावसाळ्यातलं सांगते. रात्री एका आजोबांना आणलं होतं. दुपारी अंगणात घसरून पडले, डोक्याला लागलं, थोडं गरगरतंय म्हणाले. सीटी झाला. रिपोर्ट यायला वेळ होता, तोवर नातवाने फिल्मचा फोटो काढून पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. उत्तर आलं, "फोटोत तरी काही विशेष दिसत नाहीये, पण मूळ इमेजेस पाठवा." घरच्यांनी त्यातला पहिला अर्धाच वाचला आणि निघायची तयारी सुरू केली. आजोबा स्वतःच चपला शोधायला लागले. मी त्यांना एवढंच म्हटलं, "काका, स्कॅन वाचायचा अधिकार मला नाही, पण रिपोर्टशिवाय पेशंटला हलवू नका, ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी बोला." त्यांनी थांबवून घेतलं.

तासाभरात रिपोर्ट आला. कवटीच्या आतल्या बाजूला रक्ताचा पातळ थर होता. मेंदूच्या विंडोत हाड पांढरं दिसतं आणि ताजं रक्तही जवळजवळ पांढरंच. दोन्ही एकमेकांना चिकटून असले की एकच पांढरी रेघ वाटते. रेडिओलॉजिस्टनी स्क्रीनवर विंडो रुंद केली, तेव्हा हाड आणि रक्त वेगळं झालं. पुण्याच्या डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं, त्यांना पाठवलेल्या फोटोत ते नव्हतंच. आजोबा तीन दिवस देखरेखीखाली राहिले आणि ठणठणीत होऊन घरी गेले.

आणखी एक भानगड डाव्या-उजव्याची. फिल्म काचेला उलटी टेकवली की डावा पाय उजवा होतो आणि छातीच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे जातं. कोपऱ्यात बाजू दाखवणारं अक्षर असतं, पण फोटो सुंदर यावा म्हणून लोक नेमका तोच कोपरा क्रॉप करतात! नाव आणि तारीखही तिथेच असते. वर ट्यूबलाइटची चकाकी, बोटांची सावली, आणि व्हॉट्सअ‍ॅप साधा फोटो म्हणून पाठवताना फाइल दाबून लहान करतं ते वेगळंच.

हल्ली असा फोटो चॅटबॉटला देऊन "यात काय आहे सांग" विचारणारेही भेटतात. फोटोत जे आलंच नाही ते त्याला तरी कुठून दिसणार? उत्तर मात्र तो छान ठामपणे देतो. मला विचाराल तर यासाठी त्याच्या नादी लागू नका.

मग पाठवायचं काय आणि कसं?

पाठवायची ती डायकॉम फाइल. हा वैद्यकीय इमेजेसचा जगभर चालणारा फॉरमॅट आहे. अमेरिकेतली रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांची संघटना यांनी मिळून १९८५ साली त्याची पहिली आवृत्ती काढली, आणि १९९३ पासून तो डायकॉम या नावाने चालतो. म्हणूनच नाशिकच्या मशीनवरचा स्कॅन मुंबईत दुसऱ्याच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो.

तुम्हाला मिळालेल्या सीडीत हेच असतं. ड्राइव्ह नसेल तर काउंटरवर पेन ड्राइव्हवर किंवा लिंकने देता का विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात. सीडीतल्या फाइल्सना विचित्र नावं असतात, कधी शेवटी एक्स्टेन्शनही नसतं, त्यामुळे लोकांना वाटतं सीडी खराब आहे. तसं नसतं. त्यातल्या एक-दोन फाइल्स निवडून पाठवू नका, 'डायकॉमडीर' नावाच्या फाइलसकट अख्खा फोल्डर कॉपी करा आणि झिप करा. एक काप साधारण अर्धा एमबी, म्हणजे ३०० कापांचा स्कॅन दीडशे एमबीच्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंतची फाइल जाते आणि ती दाबली जात नाही. ड्राइव्हवर टाकणार असाल तर लिंक सगळ्यांना खुली ठेवू नका, फक्त डॉक्टरांच्या ईमेलला परवानगी द्या. कारण डायकॉम फाइलच्या पोटात पेशंटचं नाव, वय, रुग्णालयाचा नंबर, तपासणीची तारीख, सगळं लिहिलेलं असतं. नाव झाकायला चित्रावर काळी पट्टी मारली तरी आतली माहिती तशीच राहते. फॅमिली ग्रुपवर तर टाकूच नका.

स्वतः उघडून बघायचं असेल तर विंडोजवर रेडिअँट, मॅकवर होरोस, फोनवर आयमायोसचा व्ह्यूअर चालतो. बोटाने विंडो बदलून बघा, मजा येते. पण ती मजाच समजा. रेडिओलॉजिस्टच्या खोलीत मुद्दाम अंधार असतो आणि त्यांचे मॉनिटर याच कामासाठी बनवलेले असतात. उन्हात, फुटक्या स्क्रीनगार्डमधून मेंदूचा स्कॅन वाचायचा नसतो.

आणि सीडी मिळाली की त्याच आठवड्यात तिची कॉपी करून ठेवा. फ्रीजवर, टीव्हीच्या मागे, गादीखाली ठेवलेल्या सीड्या दोन-तीन वर्षांनी माझ्याकडे परत येतात तेव्हा ओरखडे पडून उघडतच नाहीत. पुढचा स्कॅन होईल तेव्हा रेडिओलॉजिस्ट पहिल्यांदा जुना मागतात, कारण फुप्फुसातला डाग पूर्वीपासून तेवढाच आहे की वाढलाय, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. फोल्डरला नाव देताना "पप्पा स्कॅन नवीन फायनल" असं देऊ नका. तारीख आणि शरीराचा भाग लिहा, शोधायला सोपं जातं.