पॉनकिट: बारा वर्षं लपलेली रूटची वाट

लिनक्स वापरणाऱ्या प्रत्येकाने पॉनकिट (सीव्हीई-२०२१-४०३४) हा सुरक्षा-दोष समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०२२ मध्ये तो जाहीर केला, पण चूक मे २००९ पासून, म्हणजे पीकेएक्झेक या प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीपासूनच कोडमध्ये होती!

पीकेएक्झेक हा पोलकिटचा, म्हणजे कुणाला काय करू द्यायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सवरच्या यंत्रणेचा भाग. तो कुणीही चालवला तरी रूटच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाराने सुरू होतो. प्रत्येक प्रोग्रॅमला सुरू होताना आर्ग्युमेंट्सची यादी मिळते आणि तिच्यात निदान स्वतःचं नाव तरी असेलच, असं पीकेएक्झेकने गृहीत धरलं. यादी मुद्दाम रिकामी दिली की तो यादीच्या पुढची मेमरी वाचतो. तिथे असतात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स. वाचून तो तिथेच परत लिहितोही! त्यामुळे सिस्टिमने सुरुवातीलाच गाळून टाकलेलं धोकादायक व्हेरिएबल पुन्हा आत येतं, हल्लेखोराची लायब्ररी लोड होते आणि साधा युजर रूट होतो. पासवर्ड लागत नाही, पोलकिटची सेवा चालू असण्याचीही गरज नाही.

हल्ल्यासाठी मशीनवर आधी शिरकाव हवा, हे खरं. पण अनेकांची खाती असलेल्या कॉलेजच्या सर्व्हरवर तो असतोच.

पोलकिट अपडेट करा, हाच खरा उपाय. जुन्या सर्व्हरवर ते जमत नसेल तर पीकेएक्झेक फाइलवरचा सेट-यूआयडी बिट काढा; त्या बिटमुळेच तो रूटच्या अधिकाराने सुरू होतो. पीकेएक्झेकवर अवलंबून असलेली कामं मात्र अडतील. लिनक्स कर्नल ५.१८ पासून प्रोग्रॅमला रिकामी यादी मिळतच नाही. मला हा बदल सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तशी चूक दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये असली तरी ही वाट बंद झाली आहे.