तिला मारू नका

१७४८ साली लंडनमधल्या सॅम्युअल रिचर्डसन या मुद्रकाला एका अनोळखी बाईचं पत्र आलं. रिचर्डसनचा स्वतःचा छापखाना होता आणि पन्नाशीच्या सुमारास तो कादंबऱ्या लिहायला लागला होता. ‘क्लॅरिसा’ या त्याच्या सात खंडांच्या कादंबरीचे चार खंड तेव्हा बाहेर पडले होते, तीन यायचे होते. घरच्यांनी ठरवलेलं लग्न टाळण्यासाठी क्लॅरिसा ही नायिका लव्हलेस नावाच्या देखण्या, बेभरवशाच्या माणसाबरोबर बाहेर पडते आणि त्याच्याच तावडीत सापडते. शेवटी ती मरणार, अशी कुणकुण या बाईंना लागली होती. तिला मारू नका, लव्हलेसला सुधारा, दोघांचं लग्न लावून द्या, अशी त्यांची विनवणी होती. ऐकलं नाहीत तर तरुण, सुंदर आणि सदाचारी माणसांचा तिरस्कार तुमच्या वाट्याला येवो, असा शापही त्यांनी देऊन ठेवला होता. खाली सही होती ‘बेलफोर’.

हे टोपणनाव होतं. पत्र लिहिणाऱ्या होत्या लँकशरमधल्या लेडी ब्रॅडशे. पुढे दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षं चालला. पहिल्या भेटीआधी रिचर्डसनने बागेत आपल्याला ओळखता यावं म्हणून स्वतःचं वर्णन लिहून पाठवलं: ठेंगणा, अंगाने भरलेला, अमुक रंगाचा टोप, हातात काठी. पण क्लॅरिसाला त्याने वाचवलं नाही. लव्हलेस तिला गुंगीचं औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो आणि ती खंगत खंगत मरते. लेडी ब्रॅडशेंनी आपल्या प्रतीच्या समासात ठिकठिकाणी हरकती लिहून ठेवल्या. ती प्रत रिचर्डसनच्या हाती गेली तेव्हा त्याने त्याच समासात त्यांना उत्तरं लिहिली. आज ती प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. लेखक-वाचकांच्या भांडणाचा याहून जिवंत कागद मला माहीत नाही.

लेडी ब्रॅडशेंची बहीण लेडी एक्लिन यांनी तर कादंबरीचा शेवट स्वतःच नव्याने लिहून काढला. हा शेवट १९८२ साली पुस्तकरूपाने छापला गेला. त्यात क्लॅरिसा मरतेच, फक्त बलात्कार होत नाही. लव्हलेसला पश्चात्ताप होतो आणि तोही मरतो. एकाच घरात वाढलेल्या दोघी बहिणी. एकीला नायिकेचा मृत्यू सोसवत नाही. दुसरीला मृत्यू चालतो, पण ती विटंबना ती कागदावर राहू द्यायला तयार नाही. वाचक कादंबरी कुठे बदलू पाहतो, त्यावरून ती त्याला नेमकी कुठे लागली ते कळतं. म्हणून अशा पत्रांना मी भाबडेपणा म्हणत नाही. कादंबरी इतक्या जवळून वाचणारी माणसं थोडीच असतात.

या पत्रांचा रिचर्डसनवर परिणाम झाला, पण उलट्या दिशेने. इतक्या वाचकांना लव्हलेस आवडतो हे पाहून तो हादरला. पुढच्या आवृत्त्यांत त्याने तळटीपा वाढवल्या, नवा मजकूर घातला आणि लव्हलेसचा दुष्टपणा अधिक ठळक केला. आपण आज वाचतो त्या ‘क्लॅरिसा’त वाचकांचा हात आहे, मात्र त्यांना हवा होता तसा नाही.

वाचकांची ही हक्काची भाषा कादंबरीच्या जन्मापासूनची आहे. ‘दॉन किहोते’चा पहिला भाग १६०५ साली आला. त्यात सांचोचं गाढव चोरीला गेल्याचा प्रसंगच छापायचा राहून गेला होता. गाढव गेल्याचा शोक सांचो करतो, पण ते गेलं कधी ते पुस्तकात नाही. दुसऱ्या आवृत्तीत ठिगळ लावलं, तेही नीट बसलं नाही. १६१५च्या दुसऱ्या भागात सेर्वान्तेसने ही तक्रार थेट कथेतच आणली. पहिला भाग वाचलेला एक तरुण पदवीधर येऊन लोक काय काय बोलतात ते नायकाला ऐकवतो आणि गाढवाचं काय झालं याचा जाब सांचोला द्यावा लागतो. दरम्यान १६१४ साली आव्हेयानेदा या टोपणनावाने कुणीतरी परस्पर दुसरा भाग लिहून छापूनही टाकला होता. त्यात नायक सारागोसाला जातो. सेर्वान्तेसने आपल्या नायकाची वाट मुद्दाम बदलून त्याला बार्सिलोनाला नेलं. आगाऊ वाचकाने मूळ लेखकाचा रस्ता बदलायला लावल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

चीनमध्ये याहून मोठं धाडस झालं. जिन शेंगतान हा सतराव्या शतकातला टीकाकार ‘शुइहू झुआन’ या १०८ बंडखोरांच्या कादंबरीचा मोठा चाहता होता. तिच्या शेवटी बंडखोर बादशहाची माफी स्वीकारतात, त्याच्या वतीने लढतात आणि एकेक करून संपतात. जिनने हा सगळा भाग सरळ कापून टाकला. सत्तर प्रकरणांवर कादंबरी थांबवली, शेवटी बंडखोरांच्या शिरच्छेदाचं एक स्वप्न घातलं आणि आपल्याला सापडलेली जुनी प्रत हीच असं सांगितलं. १६४१च्या सुमाराची ही आवृत्ती पुढे जवळपास तीनशे वर्षं सर्वांत जास्त वाचली गेली. कितीतरी पिढ्यांना ती एका वाचकाने कापलेली आहे याची कल्पनाही नसेल.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं सोपं झालं, कारण कादंबरी हप्त्याहप्त्याने यायला लागली. डिकन्सच्या कादंबरीचा बत्तीस पानांचा मासिक भाग एक शिलिंगला मिळे. पुढचा भाग बहुधा लिहूनही झालेला नसे. म्हणजे वाचकाच्या पत्राला खरोखरच अर्थ होता: पात्र अजून जिवंत आहे, लेखणी अजून ओली आहे. ‘ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’मधल्या छोट्या नेलला वाचवा म्हणून डिकन्सकडे पत्रांची रीघ लागली. त्याने तिला वाचवलं नाही. लिहिताना त्याचे स्वतःचे हाल झाले, पण तो ढळला नाही.

आणि हाच लेखक एका बाईच्या एका पत्राने ढळला. ‘डेव्हिड कॉपरफिल्ड’ १८४९-५० मध्ये भागाभागाने येत होती. त्यात मिस माउचर नावाचं एक पात्र आलं: अंगाने अतिशय ठेंगणी, तोंडाची फटकळ, बड्यांच्या घरी जाऊन केस आणि नखं करून देणारी. वाचणाऱ्याला वाटावं की पुढच्या पापात हिचा हात असणार. डिकन्सच्या शेजारी मिसेस हिल नावाच्या बाई राहत. त्याही ठेंगण्या होत्या आणि लोकांच्या हातापायांच्या नखांची निगा राखून पोट भरत. त्यांनी स्वतःला ओळखलं. शरीराचं व्यंग जन्मभर सोसलं, पण असा अपमान कधी झाला नव्हता, अशा आशयाचं पत्र त्यांनी डिकन्सला लिहिलं. डिकन्सने वरवरची दिलगिरी व्यक्त करून विषय मिटवला नाही. पुढच्या प्रकरणांत मिस माउचर परत येते ती दुःखी, सरळ आणि मानी बाई होऊन, आणि लोक माझ्या उंचीवरून माझी पारख करतात हे डेव्हिडला सुनावते. शेवटी लिटिमर या बदमाश नोकराला पकडून देते तीच.

दुसरी गोष्ट एलायझा डेव्हिस यांची. त्यांच्या नवऱ्याने डिकन्सचं लंडनमधलं घर विकत घेतलं होतं. त्या ज्यू होत्या. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधल्या फेगिनने आमच्या समाजावर मोठा अन्याय केला आहे, असं त्यांनी १८६३ साली डिकन्सला कळवलं. डिकन्सने आधी आपली बाजू मांडली. पण ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ लिहिताना त्याने रायाह हा सज्जन ज्यू म्हातारा घडवला आणि १८६७च्या आवृत्तीत ‘ऑलिव्हर ट्विस्ट’च्या उत्तरार्धात फेगिनचा उल्लेख जिथे जिथे ‘तो ज्यू’ असा होता, तिथे बहुतेक ठिकाणी त्याचं नाव घातलं किंवा नुसतं ‘तो’ केलं. पूर्वार्ध मात्र तसाच राहिला. कादंबरी सलग वाचताना आजही तो सांधा दिसतो.

माझं म्हणणं या दोन पत्रांपाशी येऊन थांबतं. नेलला वाचवा म्हणणारे पुष्कळ होते आणि लेखकाने त्यांचं ऐकलं नाही. बरं झालं नाही ऐकलं. मिसेस हिल एकट्या होत्या आणि त्यांचं ऐकल्याने कादंबरी खरी झाली. पहिल्यांना दया आली होती. दुसरीला न्याय हवा होता. लेखकाने दयेपुढे मान तुकवली की कादंबरी बहुतेकदा पातळ होते. ज्याचं चित्र तिने काढलं आहे तो माणूस उभा राहून “मी असा नाही” म्हणाला आणि ते लेखकाने ऐकलं, तर तिची नजर रुंदावते. रायाह फार कसदार पात्र नाही, हे मान्य आहे. तो इतका चांगला आहे की माणूस वाटत नाही. तरीही एलायझाबाई चुकल्या असं मी म्हणणार नाही.

दयेपोटी झालेले बदल पाहा. ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’च्या मूळ शेवटात पिप आणि एस्टेला लंडनच्या रस्त्यावर घटकाभर भेटतात. तिचं दुसरं लग्न झालेलं असतं आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. बुल्वर-लिटन या कादंबरीकार मित्राने १८६१ साली छपाईच्या तोंडावर तो बदलायला लावला. नव्या शेवटात ती दोघं हातात हात घालून पडक्या बागेतून बाहेर येतात. मूळ शेवट जगाला कळला तो डिकन्सच्या मृत्यूनंतर, जॉन फॉर्स्टरने लिहिलेल्या चरित्रातून. मी दोन्ही वाचले आणि मला तो रस्त्यावरचाच खरा वाटतो. थॉमस हार्डीने निदान कबुली तरी दिली. ‘रिटर्न ऑफ द नेटिव्ह’ मासिकातून येत असल्याने थॉमासिन आणि व्हेन यांचं लग्न लावावं लागलं, मनात तसं नव्हतं, अशी टीप त्याने १९१२च्या आवृत्तीत घातली आणि दोन शेवटांतला कोणता घ्यायचा ते वाचकावर सोपवलं. लुइझा मे ऑल्कटने मात्र ‘लिटल विमेन’च्या पहिल्या भागानंतर आलेल्या मुलींच्या पत्रांना दाद दिली नाही. जो आणि लॉरी यांचं लग्न तिने लावलं नाही ते नाहीच.

आपल्याकडे हप्त्याने येणारी कादंबरी रुजवली हरिभाऊ आपट्यांनी. ‘करमणूक’ हे त्यांचं नियतकालिक १८९० साली पुण्यात सुरू झालं आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो!’ येऊ लागली. यमू स्वतःच्या तोंडाने आपली हकीकत सांगते. माहेर, सासर, मग नवऱ्याबरोबर मुंबईतला थोडा मोकळा, वाचनाचा, आनंदाचा काळ, मग वैधव्य आणि जबरदस्तीचं केशवपन. हे त्या काळच्या घराघरांत घडत होतं. त्यामुळे ‘यमूला वाचवा’ असं म्हणणं म्हणजे कादंबरीकाराला केलेली विनंती राहत नव्हती. वाचवायची ती शेजारच्या वाड्यातली मुलगी होती. हरिभाऊंनी इथे शेवट गोड केला असता तर तो धडधडीत खोटा ठरला असता. पुस्तकाच्या नावातच त्यांनी वाचकापुढे गाऱ्हाणं ठेवलं होतं.

त्या काळात हे गाऱ्हाणं लक्षात घेणारी एक वाचक होती. काशीबाई कानिटकर. लग्नानंतर खटपट करून लिहायला-वाचायला शिकलेल्या, डॉ. आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिणाऱ्या, हरिभाऊंच्या स्नेही. त्यांची ‘पालखीचा गोंडा’ ही कादंबरी १९२८ साली पुस्तकरूपाने आली. त्यात रेवती एका दुबळ्या मनाच्या संस्थानिकाच्या गळ्यात बांधली जाते, आणि पुढे तिच्याच हाती संस्थानाचा कारभार येतो. ती असं राज्य घडवते की जिथे बायका शिकतात, कामं करतात, हुद्दे सांभाळतात. ही कादंबरी यमूला दिलेलं उत्तर आहे असं कुठे लिहिलेलं नाही. मी मात्र दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवूनच वाचते. वाचकाला कादंबरी बदलायची असेल तर सगळ्यांत पूर्ण मार्ग हाच: आपली दुसरी लिहावी. जीन ऱ्हिसने तेच केलं. ती डॉमिनिका बेटावर वाढलेली. ‘जेन एअर’मधली पोटमाळ्यावर कोंडलेली नायकाची कॅरिबियन बायको तिला स्वस्थ बसू देईना. १९६६च्या ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये तिने त्या बायकोला बालपण दिलं, आवाज दिला. आता ‘जेन एअर’ पूर्वीसारखी वाचताच येत नाही. शार्लट ब्राँटेचा एक शब्दही न बदलता ती कादंबरी बदलली आहे.

आणि तरी मीही लेडी ब्रॅडशेंच्याच जातीची. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली आली, महायुद्धाच्या उंबरठ्यावर. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा भेटतात. ती जर्मनीतून हाकललेली ज्यू मुलगी, निघालेली शांघायला, कारण त्या दिवसांत व्हिसाशिवाय ज्यूंना पाय ठेवू देणारी जी मोजकी ठिकाणं उरली होती, त्यांतलं ते एक. मुंबईला तो उतरतो. बोट तिला घेऊन पुढे जाते आणि पुढच्या समुद्रात ती जीव देते.

मला माहीत आहे की हाच शेवट बरोबर आहे. चक्रधरने तिला उतरवून घेतलं असतं तर ही एक बरी प्रेमकथा झाली असती, आणि बोटीवरच्या बाकीच्या निर्वासितांना आपण विसरून गेलो असतो. त्याने उतरवून घेतलं नाही म्हणून त्याचा राग येतो, आणि तो राग फिरून मुंबईवर, आपल्यावर येतो. बेडेकरांना तो तिथेच पोचवायचा होता. हे सगळं समजतं. पण दर खेपेला बोट मुंबई बंदरात शिरते तेव्हा माझं वाचन हळू होतं. तो सामान गोळा करतो, निरोप घेतो, आणि मी त्या पानावर बोट ठेवून थांबते. अजून ती बोटीवर आहे. अजून शिडी काढलेली नाही.