गनिमी कावा आणि कवायती फौज : मराठ्यांच्या युद्धतयारीतील समतोलाचा प्रश्न

अठराव्या शतकातील मराठ्यांच्या लष्करी अपयशाची मीमांसा करताना दोन परस्परविरोधी मते मांडली जातात. एका मतानुसार गनिमी कावा सोडून तोफखाना व कवायती पायदळ यांच्या नादी लागणे ही मराठ्यांची चूक होय. दुसऱ्या मतानुसार ही नवी पद्धत त्यांनी पुरती आत्मसात केली नाही. या दोहोंपैकी एकाचीच निवड करावयाची होती, हे गृहीत मात्र दोन्ही मतांत समान आहे. घटनाक्रम पाहता ते टिकत नाही.

दोन्ही पद्धतींची तयारी भिन्न असते. गनिमी कावा हलके घोडदळ, मुलखाची माहिती आणि सरदारांची स्वतंत्र बुद्धी यांवर चालतो. शत्रूची रसद तोडणे हे त्याचे प्रमुख साधन. कवायती पायदळास रोख पगार, दारूगोळा, एकसूत्री हुकमत आणि रांग न मोडण्याची शिस्त लागते. १७२८ साली पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने निजामास पहिल्या पद्धतीने कोंडले. १७६० साली उदगीर येथे सदाशिवरावभाऊंनी निजामाच्याच फौजेवर इब्राहिमखान गारद्याच्या तोफांच्या बळावर विजय मिळविला. प्रत्येक पद्धत आपल्या जागी यशस्वी ठरली होती.

पानिपतावर दोन्ही उपलब्ध होत्या. उणीव होती ती त्यांना जोडणाऱ्या सांध्याची. अवजड तोफा व बुणगे यांसह भाऊंनी नोव्हेंबर १७६० पासून तेथे तळ दिला. अशा स्थिर तळास बाहेर फिरत्या, प्रबळ घोडदळाचा आधार हवा असतो. परंतु अब्दालीची रसद तोडण्याचे काम वृद्ध गोविंदपंत बुंदेल्यांवर पडले आणि डिसेंबरात ते मारले गेले. अखेर मराठ्यांचीच रसद तुटली. १४ जानेवारी १७६१ रोजी उपाशी सैन्य बाहेर पडले तेव्हा गारद्यांनी रोहिल्यांचे अतोनात नुकसान केले. परंतु पायदळाच्या चालीने लढण्याचा सराव घोडदळास नव्हता.

हाच दोष पुढेही दिसतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे शिंद्यांच्या पलटणींनी व तोफांनी इंग्रजांच्या फौजेची मृत व जखमी मिळून दीड हजारांहून अधिक हानी केली. त्यांचे विपुल घोडदळ मात्र बव्हंशी निष्क्रिय राहिले. १८०४ साली यशवंतराव होळकरांनी मॉन्सनच्या फौजेस मुकुंदऱ्यापासून आग्ऱ्यापर्यंत जेरीस आणले. तथापि त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला डीग येथे त्यांचे पायदळ आणि १७ नोव्हेंबरला फर्रुखाबाद येथे त्यांचे घोडदळ, असे दोन्ही भाग वेगवेगळे गाठून पराभूत करण्यात आले.

या वियोगाचे मूळ राज्यव्यवस्थेत शोधावे लागते. घोडदळाचा मोठा भाग सरंजामावर पोसला जाई व आपापल्या सरदाराशी बांधलेला असे. पलटणी रोख पगारावर व धन्याच्या तिजोरीवर अवलंबून असत. दोहोंची एकत्र कवायत घेणारी, दोहोंस एकच उद्दिष्ट नेमून देणारी स्थायी यंत्रणा उभी राहिली नाही. म्हणून युद्धतयारीतील समतोल म्हणजे द्रव्याची व माणसांची निम्मी निम्मी वाटणी नव्हे. शत्रूला एकत्र येण्यास भाग पाडणारा आणि एकत्र आलेल्या शत्रूची उपासमार करणारा, असे दोन्ही हात एकाच हुकमतीखाली ठेवणे, हाच त्याचा अर्थ होय.