हेरांचे सामान आणि बोली लावणारे

हेराची वस्तू कुणाला ओळखू येऊ नये अशीच घडवलेली असते. संग्राहकाची सगळी धडपड मात्र तिची ओळख पटवण्यासाठी चाललेली असते. ऑनलाइन लिलावांत जुन्या हेरगिरीच्या सामानावर बोली लावणारे लोक याच पेचात अडकलेले दिसतात.

मिनॉक्स हा चिमुकला कॅमेरा घ्या. रिगा शहरात जन्मलेल्या वॉल्टर झाप यांनी तो तयार केला आणि 1930च्या दशकाच्या अखेरीस लॅटव्हियातल्या व्हीईएफ या सरकारी कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू झाले. लांबी जेमतेम 8 सेंटीमीटर. फिल्म 9.2 मिलिमीटर रुंदीची आणि तिच्यावर उमटणारी चौकट अवघी 8 बाय 11 मिलिमीटरची. पेटीचे दोन भाग ओढून पुन्हा आत ढकलले की फिल्म पुढे सरकते. लेन्स 20 सेंटीमीटरवरचा कागदही स्पष्ट टिपते. सोबतच्या साखळीवर अंतराच्या खुणा असत. साखळी ताणून कागदाला टेकवायची, खुणेप्रमाणे चकती फिरवायची आणि बटण दाबायचे. गोपनीय कागदपत्रांची नक्कल करायला याहून सोयीचे दुसरे काय असणार? अमेरिकी नौदलाची गुपिते सोव्हिएतांना विकणारा आणि 1985 साली पकडला गेलेला जॉन वॉकरही मिनॉक्सच वापरत होता.

गंमत अशी, की झाप यांच्या डोळ्यांसमोर हेर नव्हताच. सर्वसामान्य माणसाला सहज जवळ बाळगता येईल असा कॅमेरा त्यांना हवा होता. युद्धानंतर पश्चिम जर्मनीत मिनॉक्स भरपूर बनले. त्यामुळे जाणकार संग्राहकाचे डोळे शोधतात ते रिगाचे पोलादी, वजनदार मॉडेल. 1940 साली लॅटव्हिया सोव्हिएत संघाच्या ताब्यात गेल्यावर काही कॅमेऱ्यांवर सोव्हिएत बनावटीची अक्षरे कोरली गेली. ती एक ओळ दिसली की बोली चढते.

‘केजीबीचा कॅमेरा’ या नावाखाली जे विकायला येते त्याकडे मात्र जरा संशयानेच पाहावे. कीव्हच्या आर्सेनल कारखान्यातले वेगा आणि कीव्ह-30 हे कॅमेरे त्यात हमखास असतात. वेगा हा जपानी मिनोल्टा-16च्या धर्तीवर बनवलेला. हे दोन्ही साध्या ग्राहकांसाठी होते. खरा माल म्हणजे क्रास्नोगोर्स्कचा एफ-21. हा कोटाच्या आत बसवायचा आणि खोट्या बटणाआडून लेन्स बाहेर पाहायची. फिल्म 21 मिलिमीटरची, कडेला छिद्रे नसलेली. चावी दिलेली स्प्रिंग ती आपोआप पुढे सरकवते. माझ्या मते असा कॅमेरा बटणाशिवाय घेणे म्हणजे जाते घेऊन खुंटा विसरणे.

न्यूयॉर्कमधले केजीबी हेरगिरी संग्रहालय कोरोनाकाळात बंद पडले. त्याचा संग्रह ज्युलियन्स या लिलावसंस्थेने फेब्रुवारी 2021 मध्ये विक्रीला काढला. त्यात विषारी छत्रीही होती. 1978 साली लंडनमध्ये बल्गेरियन लेखक गिओर्गी मार्कोव्ह यांच्या हत्येशी जोडल्या गेलेल्या छत्रीची ती प्रतिकृती होती आणि ती तशीच सांगून विकली गेली. हा सरळपणा सगळेच विक्रेते दाखवत नाहीत.

म्हणून पुरावा हवा. अमेरिकी संग्राहक कीथ मेल्टन यांनी लिओन ट्रॉट्स्कीच्या 1940मधील हत्येतली बर्फाची कुऱ्हाड मिळवली. ती खरी ठरवताना कारखान्याची खूण तर पाहिलीच. शिवाय पोलिसांच्या जुन्या छायाचित्रात दिसणारा रक्ताळलेल्या बोटाचा ठसा त्याच जागी गंजाच्या डागाच्या रूपात सापडला. आज ती वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय हेर संग्रहालयात आहे.

कधी उलटेही घडते. रोमेनियातल्या एका जुन्या बाजारात कुणीतरी टाइपरायटर समजून एक यंत्र विकायला ठेवले होते. एका गणितज्ञाने ते 100 युरोंना उचलले. ते जर्मन लष्कराचे एनिग्मा हे सांकेतिक संदेशयंत्र होते, 1941 सालचे. 2017च्या जुलैमध्ये बुखारेस्टला त्याची बोली 9,000 युरोंपासून सुरू झाली आणि ऑनलाइन बोली लावणाऱ्या एका ग्राहकाने ते 45,000 युरोंना घेतले.