नेटवर्कची चाचणी घरच्या लॅपटॉपवर होते का? आधी रॅमचा हिशेब करा!

4 ऑक्टोबर 2021 ची रात्र आठवतेय? फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप एकदमच बंद पडले आणि सहा तासांहून जास्त वेळ बंद राहिले. हा हॅकर्सचा प्रताप नव्हता. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडमुळे कंपनीच्या डेटा सेंटर्सचा संपर्कच तुटला. अशा कमांड तपासून थांबवणारं सॉफ्टवेअर कंपनीकडे होतं, पण नेमका त्यातच बग निघाला.

असं होऊ नये म्हणून इंजिनियर नेटवर्कमधला बदल आधी चाचणीतून तपासतात. हातानं शंभर राउटर तपासणं अवघड, म्हणून हे काम सॉफ्टवेअरवर सोपवतात. सिस्कोचं 'पायएटीएस' हे त्यातलंच एक.

मग कॉम्प्युटर कसा हवा?

चाचणी घेणारं सॉफ्टवेअर तसं हलकं असतं. पायएटीएस पायथॉनवर चालतं. त्याला लिनक्स किंवा मॅक लागतो. विंडोजवर ते थेट चालत नाही, पण विंडोजमधलं लिनक्स (डब्ल्यूएसएल) किंवा डॉकर वापरून काम भागतं. खरे राउटर समोर असतील, तर साधा लॅपटॉपही पुरतो. फक्त त्या राउटरपर्यंत एसएसएचनं पोहोचता आलं पाहिजे आणि लॉगिन हवं.

रॅम कुठे खर्च होते?

खरे राउटर महाग असतात, आणि चालू नेटवर्कवर प्रयोग करणं धोक्याचं. म्हणून कॉम्प्युटरच्या आतच व्हर्च्युअल राउटर उभे करतात. खरा भार यांचाच! सिस्कोच्या 'कॅटॅलिस्ट 8000व्ही' या एका व्हर्च्युअल राउटरला किमान 4 जीबी रॅम लागते. असे 10 राउटर म्हणजे 40 जीबी. 16 जीबीच्या लॅपटॉपवर तिघांनंतरच दमछाक होते, कारण लॅपटॉपच्या स्वतःच्या सिस्टीमलाही रॅम हवीच.

खरेदीआधी हे तपासा

• प्रोसेसर: इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही ही सोय हवी. ती बायोसमध्ये बंद असेल तर चालू करा, नाहीतर राउटर रखडत चालतील.

• मॅक: अ‍ॅपलच्या एम-मालिकेतल्या चिपवर जपून. बहुतेक व्हर्च्युअल राउटर इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरसाठी बनवलेले असतात.

• डिस्क: एसएसडीच घ्या. अनेक राउटर एकदम सुरू झाले की जुनी हार्ड डिस्क अडखळते.

रॅम कमी असेल तर?

कंटेनर वापरा. प्रत्येक कंटेनर वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करत नाही, मूळ लिनक्सचाच कर्नल वापरतो. 'एफआरआर'सारखं मोफत राउटिंग सॉफ्टवेअर असं चालवलं, तर साध्या लॅपटॉपवरही बरेच राउटर मावतात. शिकायला एवढं पुरे. मात्र ज्या कंपनीचे राउटर प्रत्यक्ष वापरात आहेत, शेवटची चाचणी त्यांच्याच सॉफ्टवेअरवर घ्यायला हवी.

थोडक्यात, 'चाचणीच्या सॉफ्टवेअरला किती रॅम लागते?' एवढंच विचारून भागत नाही. 'मला किती राउटर उभे करायचेत आणि कोणते?' हे आधी ठरवा, मगच मशीन घ्या.