काटा चोख, वागणूक माणुसकीची



या पानावर आपण नेहमी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलतो. आज विषय थोडा वेगळा आहे. धंद्यात सचोटी आणि माणुसकी हवी, हे सगळेच म्हणतात. पण साखर कारखान्यात ती नेमकी असते कुठे? माझ्या मते ती तीन ठिकाणी दिसते : काट्यावर, नोंदवहीत आणि फडात.

सहकाराचा जन्मच मुळी वजनातून झाला. इंग्लंडमधील रॉचडेल गावी १८४४ साली २८ जणांनी वर्गणी काढून एक लहानसे दुकान उघडले. त्यांत विणकर बरेच होते. त्या काळी गरिबाच्या पिठात भेसळ असे आणि मापात मारले जाई. या मंडळींनी पीठ, लोणी, साखर असे चारदोन जिन्नसच ठेवले, पण माल शुद्ध आणि वजन पुरे, हा नियम पाळला. आपल्याकडे कै. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरा काठच्या गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भाग भांडवल गोळा केले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना अध्यक्षपदी आणले. १९५०-५१ साली त्या कारखान्याचा पहिला हंगाम झाला. धुराडे उभे राहण्याआधी शेतकऱ्याने पैसे दिले, ते माणसांवरच्या विश्वासावर.

काट्याचा हिशेब

आता आकडेच बघू. १० टनांच्या खेपेमागे काटा एक टक्का कमी दाखवू लागला, तर १०० किलो ऊस गेला. २०२५-२६ हंगामाचा एफ.आर.पी. १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. म्हणजे खेपेला ३५५ रुपये. एखादा शेतकरी म्हणेल, जाऊ द्या. पण ५ लाख टन गाळपावर हीच तूट ५ हजार टन होते आणि रक्कम पावणेदोन कोटींच्या वर जाते. एवढा पैसा घामाचा, आणि कोणाच्या डोळ्यांदेखत नाहीसा होणारा!

म्हणून बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेली गाडी पाहून आपण कपाळाला आठ्या घालू नयेत. फरक वाटला तर सभासदासमोर गाडी पुन्हा काट्यावर घ्यावी. संशय मनात घेऊन गेलेला सभासद पुढच्या वर्षी ऊस दुसरीकडे घालतो. गाळप घटले तरी पगार, व्याज आणि दुरुस्तीचा खर्च काही घटत नाही. तो बोजा शेवटी राहिलेल्या सभासदांच्याच दरावर पडतो.

नोंदवही आणि पाळी

आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा क्रम लागतो. हा क्रम मोडला की मार कोणाला बसतो? ज्याला बोलायला कोणी नाही त्याला. एखाद्या विधवा बाईचा वीस गुंठ्यांचा फड मागे राहतो आणि वजनदार माणसाचा कोवळा ऊस आधी तुटतो. तिकडे उभ्या उसाला तुरा येतो, कांडी पोकळ पडते, उन्हाने वजन घटते. त्यात टोळीला खुशाली आणि ड्रायव्हरला एन्ट्री दिल्याशिवाय गाडी हलत नाही, अशी तक्रार अनेक भागांत ऐकू येते. दहा एकरवाला ती देतो. वीस गुंठ्यांवाल्याने काय विकून द्यावी? गट ऑफिसच्या फलकावर पाळीची यादी लावून ठेवणे याला पैसा लागत नाही, फक्त हिंमत लागते.

बिलाचेही तसेच आहे. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कायदा आहेच. पण सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, मुलाची फी या तारखा शेतकऱ्याच्या डोक्यात असतात. पैशाला उशीर होणार असेल तर कारण आणि तारीख आधी कळवावी. खरे सांगितले तर माणूस थांबतो. टोलवले तर बिथरतो.

फडातली माणसे

बीड, अहिल्यानगरकडून कोयते येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे थंडीत फडात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत भरायच्या. लेकरू बांधावर पाचटात निजलेले. आपली साखर त्यांच्या हातांतून जाते. तळावर पिण्याचे पाणी, दिवा, आडोशाची न्हाणी, आजारी बाईला दवाखान्यात न्यायला गाडी आणि मुलांसाठी साखरशाळा, या गोष्टी उपकार म्हणून करायच्या नाहीत. ज्या टोळीला माणसासारखे वागवले, ती पुढच्या साली त्याच तळावर येण्याची आशा धरता येते. मुकादमाच्या उचलीने माणूस बांधला जातो, जोडला जात नाही.

आपलीही बाजू

सचोटी एकट्या कारखान्याने पाळायची नाही. लागणीची तारीख मागे ढकलून नोंद करणे, एकच ऊस दोन कारखान्यांत नोंदवणे, मोळीत पाचट, वाडे आणि माती घालणे, हीदेखील मापात मारण्याचीच तऱ्हा. पाचटाचे वजन आपल्याला मिळते, पण उतारा घसरतो आणि त्याचा फटका प्रामाणिक शेजाऱ्यालाही बसतो.

तेव्हा हंगाम सुरू होण्याआधी एवढे करावे. गट ऑफिसात येऊन आपली नोंद, तारीख आणि क्षेत्र तपासून घ्यावे. वजनाची पावती हातात आल्याशिवाय गाडीपासून हलू नये. खुशाली मागितली गेली तर नाव आणि गट शेती खात्यास कळवावे. आणि आपल्या फडात टोळी उतरली की पहिल्या दिवशी निदान एक हंडा गार पाणी बांधावर नेऊन ठेवावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी