परभणीची थंडी ट्यूलिपला का पुरत नाही

ट्यूलिपचा कंद म्हणजे मूळ नव्हे. तो आखडून बसलेला अंकुर असतो. स्वयंपाकघरातला कांदा उभा चिरला की ही रचना ध्यानात येते. खाली मुळांच्या झुबक्यावर चपटी चकती असते, ते कांद्याचे खोड. तिच्यावर एकात एक बसलेल्या पाकळ्या म्हणजे पानांचे फुगलेले बुंधे, आणि मधोमध हिरवट कोंब. ट्यूलिपच्या कंदात अशा पाकळ्या थोड्याच असतात, पण त्या जाड, पांढऱ्या आणि स्टार्चने भरलेल्या असतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली तेव्हा लोकांनी हे कंद उकडून खाल्ले, ते या स्टार्चसाठीच. खरा फरक मधल्या कोंबात असतो. उन्हाळा संपता संपता ट्यूलिपचा कंद चिरून भिंगाखाली धरला, तर कोंबाच्या टोकाशी सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मधला बीजकोश असे अख्खे फूल दिसते, अवघे काही मिलिमीटरचे. वसंतात बागेत डोलणारे फूल निम्मे वर्ष आधीच घडून बसलेले असते. त्याला वर यायला फक्त थंडी हवी असते.

ही सवय ट्यूलिपला मूळ गावाहून लागली आहे. तिएनशान आणि पामीरच्या डोंगरउतारांवर, मध्य आशियात, या वंशाच्या अनेक रानटी जाती आजही उगवतात. तिथला उन्हाळा कोरडा आणि हिवाळा लांब, बर्फाचा. दोन्ही काळ जमिनीखाली काढायचे आणि बर्फ वितळल्यावर मिळणाऱ्या थोड्या आठवड्यांत पाने, फूल, बी सारे उरकायचे, हा तिथला रिवाज. तुर्कस्तानच्या उस्मानी बागांमधून हे फूल युरोपात गेले. कारोलस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ मध्ये हॉलंडमधल्या लायडनच्या वनस्पती उद्यानात ते लावले, आणि १६३७ च्या फेब्रुवारीत कंदांच्या भावांचा फुगा फुटला तोपर्यंत एकेका कंदासाठी घराएवढी किंमत बोलली जात होती.

थंडीची मोजणी ट्यूलिप कशी करतो, हा या साऱ्यातला रंजक भाग. कंदाला साधारण ५ ते ९ अंश सेल्सिअस तापमान बारा ते सोळा आठवडे सलग मिळावे लागते. या काळात वरून काहीच घडताना दिसत नाही. आत मात्र स्टार्चचे विघटन होऊन साखर तयार होते, मुळे पसरतात आणि फुलाच्या दांड्यातल्या पेशी वाढीच्या संप्रेरकांना दाद द्यायला शिकतात. ऊब मिळाली की याच पेशी भराभर लांबतात आणि फूल हातभर उंच उचलतात. थंडी अपुरी पडली तर दांडा लांबतच नाही; फूल पानांच्या बेचक्यात, जवळजवळ मातीला टेकून उमलते किंवा कळीतच करपून जाते.

परभणीच्या शेतकऱ्याला थंडीचा हा हिशोब नवा नाही, कारण त्याच्या कांद्यातही तो चालतो. बियाण्यासाठी निवडलेले कांदे हिवाळ्याच्या तोंडावर पुन्हा जमिनीत लावतात. थंडी मिळाली की त्यांतून पोकळ दांडे वर येतात आणि टोकाला पांढऱ्या फुलांचे गेंद लागतात. विक्रीसाठी लावलेल्या कांद्यात नको असताना असे दांडे आले की ‘डेंगळे आले’ म्हणून कपाळाला हात जातो. दोन्ही वनस्पतींत थंडीचे काम मात्र वेगळे आहे. कांद्यात थंडी फूल घडवायला लावते. ट्यूलिपचे फूल उन्हाळ्यातच घडलेले असते. तिथे थंडी ते फक्त वर ढकलते. आणखी एक भेद म्हणजे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या निवडलेल्या कांद्याला इथला हिवाळा पुरतो. ट्यूलिपला तो पुरत नाही.

परभणी थंडीसाठी बदनाम असूनही हे असे का होते? हिवाळ्यात मराठवाड्यातल्या किमान तापमानाच्या बातम्यांत परभणी बहुधा असतेच, आणि कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही वर्षी पारा ५ अंशांच्याही खाली उतरलेला आहे. समुद्र दूर, हवा कोरडी, आकाश निरभ्र आणि भोवती मोकळी शेते. सूर्य मावळला की जमिनीने दिवसभर साठवलेली उष्णता आकाशाकडे निघून जाते. तिला अडवायला ना ढग असतात ना हवेत पुरेशी वाफ. म्हणून शिवारातली पहाट गावातल्या पहाटेपेक्षा बोचरी असते. पण ज्या कोरड्या, निरभ्र हवेने रात्र गार केली, तीच दुपारी ऊन थेट खाली येऊ देते. सकाळी शेकोटीभोवती बसलेला माणूस बारा वाजता सदऱ्याच्या बाह्या दुमडतो. पारा २८-३० अंशांच्या आसपास गेलेला असतो. कंदाच्या दृष्टीने ही थंडी म्हणजे रोज पहाटे मिळणारा चार-सहा तासांचा तुकडा, आणि दुपारी त्यावर बोळा. थंडी किती खोल आहे याला ट्यूलिपच्या लेखी फारसे मोल नाही, ती किती दिवस मुक्काम करते याला आहे. शीतगृहात थंडी दिलेला कंद कुंडीत लावला तर परभणीतही एखादे फूल निघू शकेल. दुसऱ्या वर्षी मात्र काही मिळणार नाही. कंदात नवे फूल घडायला उन्हाळ्यात १७ ते २० अंशांची हवा लागते, आणि इथे एप्रिल-मे चाळिशीपार. त्यात काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणजे कंद कुजायची सोय आयतीच.

दिल्लीत हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होतो. नवी दिल्ली नगरपरिषद नेदरलँड्सहून थंडी दिलेले कंद मागवून फेब्रुवारीत शांतिपथावर ट्यूलिप फुलवते. फुले झडली की ते कंद पुन्हा तिथे फुलतील याचा भरवसा नसतो. कंद दर वर्षी फुलवायचा तर काश्मीरच गाठावे लागते. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे आणि तिथल्या कडक थंडीच्या चाळीस दिवसांना, २१ डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत, ‘चिल्ले कलां’ असे खास नावच आहे. ती थंडी येते आणि राहते. दल सरोवराजवळ, जबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ मध्ये उभारलेले इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप उद्यान सुमारे ३० हेक्टरांवर पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाते आणि मार्चअखेर ते जेमतेम तीन-चार आठवडे खुले असते. लवकर, मध्यम आणि उशिरा फुलणारे वाण मिसळून लावले म्हणून एवढे दिवस तरी मिळतात. महाराष्ट्रातून गेलेली कुटुंबे तिथे दिवसाची गाडी ठरवून बाग पाहतात, आणि बागेत किती वाजता शिरायचे हे ठरवताना विज्ञान कामी येते. पाकळीची आतली बाजू उबेत जास्त वाढते, तर गारव्यात बाहेरची. म्हणून ट्यूलिप पहाटे मिटलेला आणि ऊन चढल्यावर उघडलेला असतो. भल्या सकाळी घाईने पोचलेल्यांच्या छायाचित्रांत नुसत्या कळ्या येतात, त्याचे कारण हेच.

परभणी जिल्ह्यात फुलांचा ताटवा पाहायचा तर जावे करडईच्या शिवारात. करडई हे रब्बीचे तेलबी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, मूग-उडीद किंवा सोयाबीन निघालेल्या रानात तिची पेरणी होते. पहिले काही आठवडे रोप जमिनीला चिकटून पानांचा गुच्छ करून बसते. याच वेळी पाने कोवळी, बिनकाट्याची असतात आणि भाकरीबरोबर करडईच्या भाजीचा बेत होतो. वर काही वाढ दिसत नसताना सोटमूळ खाली धावत असते. काळ्या मातीत दीड-दोन मीटर आणि त्याहूनही खोल. पावसाळा संपल्यावर वरचा थर वाळून भेगाळतो, पण खालच्या थरांत ओल टिकून असते, आणि करडई तिच्यावरच पुढचे चार महिने काढते. ट्यूलिपची शिदोरी कंदात, करडईची जमिनीच्या पोटात.

डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत, पेरणी मागेपुढे असेल तशी, शेते पिवळी होऊ लागतात. करडईचे बोंड हे एक फूल नसून अनेक नळीदार पुष्पकांचा गुच्छ असतो, काटेरी हिरव्या टोपलीत बसवलेला. कडेची पुष्पके आधी उमलतात, मधली शेवटी, आणि एका बोंडाला पुरे फुलायला तीन ते पाच दिवस लागतात. उमलताना ती पिवळी असतात. कोमेजताना केशरी आणि मग लाल होत जातात. त्यामुळे एकाच झाडावर तीन रंग नांदतात, आणि बोंडाचा रंग पाहून त्याचे वय सांगता येते. या बदलामागे कार्थामिन नावाचे लाल द्रव्य आहे. पाकळीतल्या पिवळसर पूर्वद्रव्याचे ऑक्सिडीभवन होऊन ते बनते.

जुन्या काळचा कुसुंबी रंग तो हाच. रंगारी पाकळ्या आधी पाण्यात धूत, म्हणजे पाण्यात विरघळणारे पिवळे द्रव्य निघून जाई. मग क्षार मिसळून लाल द्रव्य सोडवून घेत आणि लिंबासारखी आंबट वस्तू घालून ते कापडावर बसवत. वाळलेल्या पाकळ्यांत हे लाल द्रव्य जेमतेम अर्धा टक्का, शिवाय उन्हात लवकर विटणारे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम रंग आले तेव्हा त्यांच्यापुढे हा धंदा टिकला नाही. करडई उरली ती तेलासाठी, आणि गव्हा-हरभऱ्याच्या कडेने पेरलेल्या काटेरी ओळींसाठी. त्या ओळींतून गुरे आत शिरत नाहीत. कुंपणाला खर्च नाही आणि वर तेल मिळते, अशी ही व्यवस्था आहे.

काटे ही करडईची मोठी अडचण. बोंडे पक्व झाल्यावर काढणी पहाटे करतात, कारण दवाने काटे नरमलेले असतात. ऊन चढले की हातापायाला गुंडाळलेल्या चिंध्यांनाही ते जुमानत नाहीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने यावर उपाय म्हणून बिनकाट्याचे वाण आणि संकर तयार केले. परभणीच्या कृषी विद्यापीठात करडईवर दीर्घकाळ संशोधन चालू आहे. १९७२ मध्ये मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या आणि २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव लागलेल्या या विद्यापीठाचा ‘परभणी कुसुम’ हा वाण शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. बिनकाट्याच्या वाणांमुळे पाकळ्या खुडणेही सोपे झाले, आणि वाळवलेल्या पाकळ्या आता काढा-चहासाठी विकल्या जातात.

करडईचा मुख्य शत्रू मावा. ढगाळ, गारव्याच्या दिवसांत कोवळ्या शेंड्यांवर त्याचे काळे थर बसतात आणि रस शोषून रोप चिकट, निस्तेज करून टाकतात. गंमत अशी की सतराव्या शतकात ज्या चट्ट्यापट्ट्यांच्या ट्यूलिपसाठी हॉलंड वेडावले होते, ते पट्टे माव्याच्याच भाईबंदांनी पसरवलेल्या विषाणूचे होते. लंडनच्या जॉन इनेस संस्थेतल्या डोरोथी केली यांनी १९२८ च्या सुमारास या रोगाचा उलगडा केला. तोवर कंद दर वर्षी क्षीण का होतो, याचा पत्ता कोणाला नव्हता.

परभणीहून सकाळी गाडी करून, पिकांची जाण असलेला कोणी सोबत घेऊन निघाले, तर करडईची शेते दुपारच्या आत पाहून होतात. मग जिंतूरकडे वळावे. सपाट काळे रान मागे पडते, टेकड्या लागतात, आणि पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणाच्या वाटेला जिल्ह्यात उरलेले थोडेफार रान दिसते. फेब्रुवारी उजाडला की तिथे पळस पेटतो. एक पानही नसलेल्या फांद्यांवर राघूच्या चोचीसारखी वाकडी, केशरी फुले. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण वनस्पतिशास्त्रात थोडी अडखळते, कारण ती तीन पाने नसून एकाच पानाच्या तीन पर्णिका असतात.

पळसाला थंडीचे आठवडे मोजावे लागत नाहीत. तो पाणी मोजतो. हवा कोरडी पडू लागली की पाने गळतात आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचते. खोल मुळांनी आणलेली ओल खोडात साठते आणि तिच्यावर कळ्या उमलतात. फुले अशी उघडी पडण्याचा लाभही आहे, कारण केशरी रंग आणि भरपूर मकरंद दुरून पक्ष्यांना बोलावतो. सूर्यपक्षी चोच घालतो तेव्हा पराग त्याच्या अंगाला लागतात. दिल्लीतल्या अभ्यासात जांभळ्या सूर्यपक्ष्याबरोबर खारही परागण घडवताना आढळली. झाडाखाली पडलेली फुले गोळा करून, उकळून रंगपंचमीचा रंग करण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही.

करडईची शेवटची बोंडे आणि पळसाचा पहिला बहर एकत्र सापडतात ते साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, श्रीनगरची बाग उघडण्याच्या दीड महिना आधी. तिकडे ट्यूलिप उमलतात तोवर परभणीत करडईची काढणी आटोपत आलेली असते. पळसाच्या फांद्यांवर चपट्या, कागदासारख्या हलक्या शेंगा लटकू लागतात, प्रत्येकीच्या टोकाशी एकच बी. मे-जूनच्या वाऱ्यावर त्या गिरक्या घेत खाली येतात आणि पहिल्या पावसात रुजतात.